दात ठिसूळ होणं, टवके उडणं : दोष खाण्याचाच का?

वारणाकाठची

कीड लागून काळे पडलेले दात सगळ्यांना माहीत असतात. मला विचारायचंय ते वेगळ्या दातांबद्दल : वरून धड दिसणारे, पण खाताखाता टवका उडणारे, भुगा होणारे. आमच्या घरात तीन पिढ्यांत तीन तऱ्हांनी हे चाललंय. आणि तिघांनाही नातेवाइकांकडून एकच ऐकायला मिळतं, "खाण्यात कस राहिला नाही."

सासूबाईंच्या पुढच्या दातांना हिरडीपाशी खाचा पडल्या होत्या, मग ते एकेक करून तिथूनच मोडले. नवऱ्याचे वरचे दात आतल्या बाजूने झिजून पातळ झालेत, गार काही प्यायला की कळ जाते. आणि लेक आठ वर्षांची. तिच्या सहाव्या वर्षी आलेल्या मोठ्या दाढा हिरडीतून वर आल्या त्याच मुळी पिवळट-तपकिरी डागांच्या. वर्षभरात त्यांचे कोपरे खचले. तिथे ब्रश लागला तरी ती कळवळते, त्यामुळे दात नीट घासले जात नाहीत, आणि आता खरी कीडही लागली आहे.

दंतवैद्यांनी एमआयएच असं नाव सांगितलं. दाढ बनतानाच तिचं वरचं कवच कच्चं राहिलं, असं ते म्हणाले. चॉकलेटचा किंवा माझ्या स्वयंपाकाचा त्यात काही भाग नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मी हे सांगितलं तर उत्तर आलं, "डॉक्टर काय, समजूत काढायला बोलतात. तू गरोदरपणी दूध घेतलं नाहीस."

मला हे फार लागलं. माझ्यासारख्या किती जणी हे ऐकत असतील! मुलाचा दात मोडला की पहिलं बोट आईच्या ताटाकडे जातं. आहाराचा दातांशी काहीच संबंध नाही असं माझं म्हणणं नाही. असणारच. पण तो कोणत्या वयात, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या दातांशी, हे कुणी नीट सांगत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी मोठ्या माणसाचे दात घट्ट होतात का? गूळ साखरेपेक्षा बरा का? नाचणीचं सत्त्व देऊन लेकीच्या दाढा सुधारतील का? जाणकारांनी लिहावं. ज्यांच्या घरात असे दात आहेत त्यांनीही लिहावं, अनुभव कितीही छोटा असला तरी.

ओसरी

ताई, वाईट वाटलं वाचून. लेकीला लवकर आराम पडो.

पण माझं मत सांगतो. माझे आजोबा राखुंडीने दात घासायचे, बाभळीची काडी चावायचे आणि शेवटपर्यंत ऊस दाताने सोलून खायचे. घरात बिस्किट नव्हतं, मैदा नव्हता. ज्वारीची भाकरी, ताक, पालेभाजी, आणि गोड म्हणजे गुळाचा खडा. आज दोन वर्षांच्या पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. दात कशाने टिकतील? आईला दोष देऊ नये हे शंभर टक्के मान्य. पण खाणं बदललं हे कसं नाकारायचं?

अक्कलदाढ

मी दंतवैद्य आहे, लहान मुलांच्या दातांचंच काम करते. वारणाकाठची ताई, तुमच्या डॉक्टरांनी समजूत काढली नाही, खरं तेच सांगितलं.

दाताच्या वरचं कवच, म्हणजे दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. शरीरात त्याहून कठीण काही नाही. पण ते बनवणाऱ्या पेशी दात वर येतानाच संपून जातात. म्हणून हाड मोडलं तर जुळतं, दंतवल्क गेलं की पुन्हा येत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की दात आतून घडतो तो ठरलेल्या काळातच. सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचं दंतवल्क बाळाच्या जन्माच्या सुमारास बनायला लागतं आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरं होतं. पुढच्या पटाशीच्या दातांचं काम आणखी वर्ष-दोन वर्षं चालतं. तुमच्या लेकीच्या ज्या दाढा खचल्या, त्यांचं कवच तुमच्या गरोदरपणात बनलंच नव्हतं. तेव्हा दूध घेतलं की नाही, हा वाद या दाढांना लागूच होत नाही.

एमआयएचचं नेमकं एकच कारण सापडलेलं नाही. जन्माच्या वेळच्या अडचणी, पहिल्या तीन वर्षांतले मोठे ताप आणि आजार, आणि काही अंशी आनुवंशिकता यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. जगभरात साधारण १३ टक्के मुलांना हे असतं. म्हणजे प्रत्येक वर्गात चार-पाच मुलं निघतील, फक्त कुणी नाव घेत नाही. ओळखायची खूण अशी : पांढरट, पिवळे किंवा तपकिरी डाग, ज्यांची कड स्पष्ट दिसते, आणि चावण्याच्या जोराने तिथलाच तुकडा पडतो. या दाढा फार शिवशिवतात. भुलीचं इंजेक्शनही कधीकधी नीट लागत नाही. मुलं दवाखान्यात रडतात तेव्हा त्यांना खरंच दुखत असतं, लाडावलेली असतात म्हणून नाही.

आता खाण्याकडे. ओसरी काका म्हणतात ते पोराच्या हातातल्या पुड्याबद्दल अगदी बरोबर आहे, पण तो दात घडण्याचा प्रश्न नाही, घडलेला दात विरघळण्याचा आहे. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थरातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली येतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातली खनिजं सुटायला लागतात. मग लाळ हळूहळू आम्ल मारते आणि खनिज परत आणून ठेवते. याला अर्धा-पाऊण तास, कधी तासही लागतो. तेवढ्यात पुन्हा एक बिस्किट तोंडात गेलं की लाळेला संधीच मिळत नाही. दिवसभरात साखर किती खाल्ली याइतकंच, किंबहुना जास्त, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. जेवणासोबत दोन पेढे खाणारा मुलगा दिवसभर चॉकलेट चघळणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो.

माझ्याकडे येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत मोडलेले असतात, तेव्हा आईवडील "ठिसूळ दात" म्हणतात. बहुतेक वेळा विचारल्यावर कळतं की रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपतं. झोपेत लाळ फार कमी येते. खोकल्याची गोड औषधं रोज रात्री देऊन तसंच झोपवणं, हेही तेच करतं.

कैरीपन्हे

अक्कलदाढ, फार उपयोगी प्रतिसाद. गुळाचं राहिलं. आमच्याकडे साखर बंद करून सगळं गुळाचं केलंय, मुलाला खाऊ म्हणून राजगिरा लाडू आणि चिक्की. हे दातांना चांगलं ना?

अक्कलदाढ

दातांपुरतं विचाराल तर नाही. गुळातही मुख्यतः तीच साखर असते, जंतूंना दोन्ही सारखंच चालतं. मधाचंही तसंच. चिक्की तर दाढांच्या खाचांत चिकटून बसते. लोह वगैरे कारणांसाठी गूळ घ्यायचा तर घ्या, पण जेवणाबरोबर घ्या. मधल्या वेळचा खाऊ म्हणून शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पनीरचा तुकडा, उकडलेलं अंडं असं काही.

ओसरी

गुळाचं मला पटत नाही. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या गुऱ्हाळं होती, पोरं काकवी पिऊन वाढली. कुणाचे दात असे गेले नाहीत. चाळिशीच्या आत मोडलेले दात मी तेव्हा पाहिलेच नाहीत.

रानजाई

काका, तुमच्या आजोबांचे दात मजबूत होते यावर विश्वास आहे, पण "पूर्वी सगळ्यांचेच असायचे" हे पुराव्यांत दिसत नाही. मी पुरातत्त्व शिकले आहे म्हणून लिहिते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. तिथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर त्यांना खड्डे आढळले, दंतवल्क बनतानाच अपुरं राहिल्याचे. तेव्हा ना बिस्किट होतं ना मैदा. अन्नाची ओढाताण आणि आजारपण होतं. आणि बलुचिस्तानात मेहरगढला तर सात हजार वर्षांहून जुन्या दाढांना कोरून भोकं पाडलेली सापडली आहेत, त्यांतल्या काही किडलेल्या.

जुन्या माणसांच्या दाढा वरून सपाट झिजलेल्या असायच्या. जात्यावरच्या पिठात दगडाची बारीक कच यायची, हे त्याचं एक मोठं कारण. शिवाय ज्यांचे दात लवकर गेले त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. ऊस सोलणारे आजोबा लक्षात राहतात.

पैनगंगा

धागा वाचून लिहायलाच हवं असं वाटलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी ठिसूळ दात हा एका घराचा नव्हे, अख्ख्या वस्तीचा प्रश्न आहे. तिथे दोष ताटाचा नाही, बोअरच्या पाण्याचा आहे.

आमच्याकडे पांढरकवडा, तिकडे नांदेडच्या किनवटकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, अशा पट्ट्यांत खडकातून पाण्यात फ्लोराइड उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्या वर गेलं आणि मूल ते पाणी पहिल्या सात-आठ वर्षांत पीत राहिलं, की दात खडूसारखे पांढरे आडवे पट्टे घेऊन येतात, मग पिवळे-तपकिरी होतात. जास्त असेल तर खड्डे पडून कडा तुटतात. माझ्या मामेभावांचे सगळ्यांचे असे आहेत. लग्न ठरवताना मुलींना यावरून नाकारलं गेलेलं मी पाहिलं आहे. "तंबाखू खाते का" असं तोंडावर विचारलेलं ऐकलं आहे. त्या मुलींनी आयुष्यात मिश्रीला हात लावला नव्हता.

पूर्वी लोक उथळ विहिरीचं पाणी प्यायचे, त्यात सहसा कमी असतं. मग पाण्यासाठी खोल खोल बोअर घेतले आणि हे वाढलं. लोकांना वाटतं उकळल्याने जातं. उकळून पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे उलट तीव्र होतं. मेणबत्तीच्या साध्या फिल्टरनेही जात नाही. आरओने किंवा त्यासाठीच्या खास अ‍ॅल्युमिना फिल्टरने जातं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नालगोंडा पद्धत काढली, पण गावपातळीवर ती रोज कुणीतरी नेमाने चालवायला लागते, आणि तिथेच गाडी अडते. पावसाचं पाणी साठवून फक्त पिण्या-स्वयंपाकाला वापरणं हा मला सगळ्यांत हाताशी असलेला मार्ग वाटतो.

आहाराचा संबंध इथेही आहे बरं का. पोटात कॅल्शियम असेल तर फ्लोराइड अंगात कमी शोषलं जातं. त्यामुळे दूध, ताक, नाचणी मिळणाऱ्या घरांपेक्षा कोरडी भाकर खाणाऱ्या घरातल्या पोरांना जास्त भोगावं लागतं. वारणाकाठची, तुमच्या भागात हा प्रश्न बहुधा नसेल, पण घरच्या बोअरचं पाणी लेक लहानपणापासून पीत असेल तर एकदा तपासून घ्या.

उत्तरेची_वाट

"किती वेळा" या मुद्द्याची एक दुःखद बाजू मला लिहायची आहे. मी स्वीडनमध्ये लुंड गावात राहते. इथल्या वीपेहोल्म नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना ठेवत. १९४५ पासून तिथे आहार आणि दातांचा अभ्यास झाला. काही गटांना जेवणासोबत साखर दिली, त्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. काहींना मुद्दाम बनवलेली मोठी, चिकट टॉफी दोन जेवणांच्या मध्ये खायला दिली. त्यांचे दात भराभर किडले. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती, ती देण्याच्या स्थितीतही ती नव्हती. आज जगभरचे दंतवैद्य "मधल्या वेळी चिकट गोड नको" म्हणतात, त्यामागे या लोकांच्या तोंडातलं दुखणं आहे. त्या आवारात आता शाळा आहे. मी तिथून जाते तेव्हा त्यांची आठवण येते.

त्यातूनच इथे शनिवारच्या गोडाची पद्धत रूढ झाली. मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, हवं ते चॉकलेट-गोळ्या. बाकी दिवस नाही. आमच्या मुलांना आम्ही तसंच लावलं, आणि भारतात आलो की आजीआजोबांना ते समजावणं हेच सगळ्यांत अवघड जातं, कारण आपल्याकडे गोड म्हणजे माया. तरी सांगावंच लागतं.

कैरीपन्हे

हे वाचून सुन्न झाले. शनिवारची कल्पना उचलते आहे.

हेमंतऋतू

वारणाकाठची, तुमच्या यजमानांचं वर्णन वाचून थांबलो. वरचे दात, आतल्या बाजूने झिजलेले, गार पाण्याची कळ. माझं हुबेहूब हेच होतं. मी कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, महागाची पेस्ट आणली, काही फरक नाही. शेवटी एका दंतवैद्य बाईंनी विचारलं, "रात्री घशाशी आंबट येतं का?" येत होतं, सवयच झाली होती. ते पोटातलं आम्ल, ताकद लाळेच्या आवाक्याबाहेरची. झोपेत वर येतं आणि वरच्या दातांची आतली बाजू खात राहतं. त्यात कीड नसते, म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. मग पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, रात्रीचं जेवण लवकर घ्यायला लागलो, दातांवर थर भरून घेतले.

दुसरं त्यांनी सांगितलं ते सगळ्यांच्या कामाचं आहे. आम्ल लागल्यावर, मग ते पोटातलं असो की लिंबू सरबताचं, लगेच ब्रश करायचा नाही. तेव्हा दंतवल्क वरून मऊ झालेलं असतं, ब्रशने खरवडलं जातं. खळखळून चूळ भरायची आणि अर्धा-एक तास जाऊ द्यायचा. चिंच-कैरी खाऊन दात आंबतात तेव्हाही हेच. सकाळी अनशापोटी लिंबूपाणी किंवा व्हिनेगर घोट घोट पीत बसणाऱ्यांनी तर जपावंच.

वारणाकाठची

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. हेमंतऋतू, यांना घशाशी येतं, वर्षानुवर्षं येतं! उद्याच बोलते. पैनगंगा, आमच्याकडे नळाचं पाणी आहे, पण तुमचं लिहिणं मी जपून ठेवणार आहे.

अक्कलदाढ ताई, दोनच विचारते. सासूबाई तरुणपणापासून मिश्री लावायच्या, आता कडक ब्रशने जोरजोरात घासतात. त्यांच्या खाचा त्यामुळे असतील का? आणि लेकीच्या दाढांचं पुढे काय करायचं, कॅप बसवायला सांगितली आहे.

अक्कलदाढ

हिरडीपाशी पाचरीसारख्या खाचा म्हणजे बहुतेक वेळा घासण्याची झीज. मिश्री, राखुंडी, विटेची पूड, खरखरीत मंजन, यांनी दात तात्पुरता चकचकीत होतो कारण वरचा थर जातो. हिरडी खाली सरकली की उघडं पडलेलं मूळ दंतवल्काविना असतं, ते तर फारच लवकर झिजतं. शिवाय मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, तोंडाच्या कर्करोगाचं कारण. सासूबाईंचं तोंड आतून एकदा नीट तपासून घ्या, गाल, जिभेखाली, सगळीकडे. भरून न येणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर एक दिवसही थांबू नका. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तोंड कोरडं पडतं का तेही विचारा. लाळ कमी झाली की वयस्कर माणसांचे दात मुळापाशी भराभर जातात, आणि घरचे लोक त्याला "वय झालं" म्हणतात.

कॅल्शियमच्या गोळ्या हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर चालू ठेवा, दंतवल्क त्यातून काही घेत नाही. "एका बाळंतपणाला एक दात" ही समजूतही खरी नाही. बाळासाठी कॅल्शियम आईच्या दातांतून जात नसतं. उलट्या, मधल्या वेळचं खाणं आणि सुजलेल्या हिरड्या, यांमुळे गरोदरपणात दात बिघडतात. गरोदर बाईने पोटभर चांगलं खावं आणि ड जीवनसत्त्वही तपासावं. बाळाचे दुधाचे दात तेव्हाच घडत असतात, त्यामुळे ते महत्त्वाचं आहेच. पण म्हणून आठ वर्षांनी मोडलेल्या दाढेचा हिशेब तिच्याकडे मागू नये. मला दवाखान्यात रडणाऱ्या आया रोज दिसतात, म्हणून हे जरा जोरात लिहिते.

लेकीला कॅप सांगितली असेल तर बसवून घ्या. या वयात स्टीलची बसवतात, दिसायला चंदेरी असते, पण दाढ वाचते आणि शिवशिवणं थांबतं. नाचणी पोटासाठी जरूर द्या, खचलेलं कवच त्याने भरणार नाही. फ्लोराइडची पेस्ट मात्र हवीच. नळीवर फ्लोराइड साधारण १००० पीपीएम लिहिलेलं बघून घ्या, अनेक "हर्बल" पेस्टमध्ये ते नसतंच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, पाण्याने खळखळून धुवायचं नाही. पैनगंगेच्या भागात, जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे लहान मुलांच्या पेस्टबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. गार लागू नये म्हणून लेकीला कोमट पाण्याने ब्रश करू द्या, मऊ ब्रश घ्या. फार खचलेली दाढ कधीकधी आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ठरवून काढतात, म्हणजे मागची दाढ पुढे सरकून ती जागा घेते. तो निर्णय एक्स-रे बघूनच घ्यायचा.

आणि सगळ्यांनाच : सहाव्या वर्षी येणारी दाढ कुठलाही दात न पडता मागे गुपचूप येते, म्हणून पालक तिला दुधाची समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. मुलाला पाच वर्षं पूर्ण झाली की दर महिन्याला तोंडात मागे बॅटरी मारून बघा.

पैनगंगा

खर्चाचं कुणी लिहिलं नाही. आजोळची मंडळी त्यालाच घाबरून दात काढून मोकळी होतात. सरकारी सोय कुठे असते?

अक्कलदाढ

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायरही आहे. तुमच्या लोकांना नागपूर बरं पडेल. सकाळी लवकर पोचायचं, केसपेपर काढायचा आणि मूल असेल तर बालदंत विभाग विचारायचा. एका खेपेत काम पुरं होत नाही, पुढच्या तारखा लिहून घ्या. पाण्याचा तपासणी अहवाल असेल तर तोही सोबत न्या.